लेलेचे बाबा

चीनमधल्या चेंगदूच्या एका शाळेत पहिलीचे वर्ग नुकतेच सुरू झाले होते. पालकांच्या ग्रुपवर फांगबाईंची सूचना पडली रे पडली, की घराघरांतून एकच उत्तर जायचं, "मिळालं. बाई, तुम्ही किती कष्ट घेता!" लेलेचे बाबा मात्र तेवढंच लिहायचे, "मिळालं." पुढे चकार शब्द नाही.

मिंगयूच्या आईला, युन्शीला, यात काहीतरी काळंबेरं दिसत होतं. लेले वर्गात सगळ्यांत उंच, तरी पहिल्या बाकावर! आणि तिचा एवढासा मिंगयू मागे बसून मान उंचावतोय.

"कुणीतरी वरचा साहेब असणार. नाहीतर एवढी मिजास?" ती नवऱ्याला म्हणाली.

"असू दे ना. तुला काय करायचंय?"

पण तिला राहवेना. जेवणं उरकल्यावर तिने ग्रुपवर सरळ लिहिलं, "लेलेचे बाबा, बाईंसाठी दोन गोड शब्द लिहायला बोटं दुखतात का हो?"

मग लेलेच्या बाबांचं उत्तर आलं, "बाई, तुम्ही किती कष्ट घेता!"

"बघ, कसा नरमला!" युन्शी नवऱ्याला फोन दाखवत होती, तेवढ्यात खाली फांगबाईंचा निरोप आला. घाईघाईने त्यांनी तो पुसलाही, पण तोवर सगळ्या ग्रुपने वाचला होता.



"लग्नाला आठ वर्षं झाली, तेव्हा कुठे हे ऐकायला मिळालं! आता सोफ्यावरून उठा आणि भांडी घासायला या."