डब्यांची जागा

गुरुवारी सकाळी दहाला मालकीणबाई भट्टीच्या उत्तरेकडच्या भिंतीपुढे येऊन उभ्या राहिल्या. भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर ताटाएवढा भाग लाल दिसत होता. विटांच्या पलीकडे अठरा टन वितळलेली काच होती. अकरा वर्षांत ही भट्टी एकदाही विझलेली नव्हती.

"कधी दिसलं हे?"

"आज सकाळी," भट्टीमिस्त्री म्हणाले. "एवढं काही नाही त्यात. पंखा लावलाय. नऊ दिवस आरामात ओढेल."

नऊ दिवस हा हिशोब मिस्त्रींचा नव्हता, बाईंच्या धाकट्या भावाचा होता. औषध कंपनीच्या बाटल्या नऊ दिवसांनी द्यायच्या होत्या आणि ते काम त्याने आणलं होतं. तो मिस्त्रींना खेटून उभा होता. एरवी दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत. आज अगदी गळ्यात गळा.

"ताई, भट्टी रिकामी केली तर पुन्हा उभी करायला तीन महिने. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घ्यायचा असेल तर तसं सांग."

"आणि भिंत फुटली तर?"

"अकरा वर्षांत फुटली का?" मिस्त्री म्हणाले. "तुम्ही ऑफिसात बसता, बाई. मला भट्टी शिकवू नका."

मागे जमलेल्या कामगारांत कुणीतरी हसलं. बाईंनी वळून पाहिलं तेव्हा हसरं तोंड एकाचंही नव्हतं.

या कारखान्यात थंड डबा कुणी खात नसे. उत्तरेच्या भिंतीला लागून विटांचा कट्टा होता. सकाळी आलं की डबा त्यावर ठेवायचा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत गरम. जागेवरून तिथे मारामाऱ्या झालेल्या. आता मात्र कट्ट्यावर सातच डबे होते, फडक्यात बांधलेले, ऐसपैस. ते निवडणीच्या बायकांचे. त्या याच भिंतीपासून चार पावलांवर, पत्र्याच्या आडोशाला बसून तडे गेलेल्या बाटल्या बाजूला काढत. इतकी जागा मिळाली म्हणून त्या खूशच असाव्यात.

पुरुषांचे डबे शेडच्या दुसऱ्या टोकाला, धुराड्याच्या पायथ्याशी रांगेत लागले होते. मिस्त्रींचा पितळी डबा सर्वांत पलीकडे.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भट्टी खालून उघडणारा हात या कारखान्यात एकाचाच होता, मिस्त्रींचा. त्यांनी शब्द गिळले.

"निवडणीच्या बायकांना आत्ताच्या आत्ता रस्त्यापलीकडे न्या. मग भट्टी रिकामी करा."

सगळे एकदम बोलू लागले. बायका बाहेर जाताना जे बोलल्या ते इथे सांगण्यासारखं नाही.

"बाबांनी पेटवली होती ही," भाऊ म्हणाला. "आणि तू विझवतेस."

"हो. तू औषध कंपनीला फोन लाव. बाटल्या आमच्याकडून मिळणार नाहीत म्हणून सांग. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात मिळतील तेही सांग."

"शत्रूचा पत्ता मी द्यायचा?"

"आज सांगितलंस तर त्यांची सोय होईल. आठव्या दिवशी सांगितलंस तर जन्मात तुझा फोन उचलणार नाहीत."

तो थुंकला आणि फोन घेऊन बाहेर गेला.

"मी हात लावणार नाही," मिस्त्री म्हणाले. "तुमची भट्टी, तुम्हीच मारा."

बाईंनी पहार उचलली. ती पेलवत नव्हती, तरी तळाच्या भोकाशी जाऊन त्यांनी ती रोखली. मिस्त्री चार ढांगांत आले.

"तिकडून नव्हे! पाय जातील दोन्ही!"

त्यांनी पहार हिसकावून घेतली. बाईंच्या पायांची काळजी त्यांना नव्हती. आपल्या भट्टीवर कुणी चुकीचा घाव घालतंय, एवढंच त्यांना पाहवलं नाही.

काच बाहेर पडली. भट्टीखालच्या हौदातल्या पाण्यात पडताच ती तडतडू लागली आणि वाफेने शेड भरून गेली. ते दोन तास चाललं. सगळे बाईंना पाण्यात पाहत होते. भिंतीवरचा लाल भाग तपकिरी झाला, मग काळा पडला. भिंत उभीच होती.

"बघ," भाऊ परत येऊन म्हणाला. "काही झालं असतं का?"

बाईंनी पंखा बंद केला.

एक वाजला. सुट्टीची घंटा झाली आणि बायका आत आल्या. सर्वांत पुढे मावशी. निवडणीत त्यांच्याइतकं जुनं कुणी नव्हतं आणि त्यांच्या तोंडाला सगळा कारखाना भीत असे.

"सात घरांच्या पोटावर पाय दिलात, बाई," त्या कट्ट्याशी येत म्हणाल्या. "आमच्या भल्यासाठी म्हणे! आम्ही मागितलं होतं का भलं? आता उद्यापासून डबा कुठं तापवायचा, तेवढं सांगा."

त्यांनी आपला डबा उचलला. तो इतका तापला होता की त्यांना हात बदलावा लागला.

भुकेल्या पुरुषांचे पाय एव्हाना धुराड्याकडे वळले होते. एकेक जण वाकून आपला डबा उचलत होता. मावशी पाहत राहिल्या. मग त्यांनी कट्ट्यावरच्या उरलेल्या सहा डब्यांकडे पाहिलं आणि त्यामागच्या काळ्या डागाकडे. त्या वळल्या, पण बाईंकडे नाही.

"मिस्त्रीदादा," त्यांचा आवाज एकदम खाली आला होता, "तुमचे डबे तिकडं कधी गेले?"

मिस्त्रींच्या हातात पितळी डबा होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"सोमवारी," ते म्हणाले.