जुळी डिस्क

अठ्ठ्याण्णवच्या खंडेनवमीला राहात्याकडच्या आमच्या दूधसंघात नवा सर्व्हर बसला. आत दोन हार्डडिस्क, एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटायचं. इंजिनिअर विलासदादांनी त्या जोडण्याआधी मी दोन्हींना ओल्या अंगठ्यानं कुंकू लावलं. दादा हसले, "जयमाला, आता एक मेली तरी दुसरी तारते." शिमग्याला एक मेली. बाहेर दूध घालणाऱ्यांची रांग लागलेली. मी बिनघोर दुसरी बघायला गेले, तर तिच्या जागी कुठलीतरी जुनी, बंद डिस्क. डिस्क बंद पडली की वाजणारा सर्व्हरचा भोंगाही कुणीतरी काढून ठेवलेला. दुधाची सगळी नोंद गेली. "तुझ्याच ताब्यात होतं ना?" साहेब सगळ्यांदेखत खेकसले. दादा धावत आले. "तिला नका बोलू. माझ्या घरची डिस्क लावतो, काम अडायला नको." "माणूस असावा तर असा!" साहेब म्हणाले. दादांनी डिस्क माझ्या हातात ठेवली. कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचं कुंकू होतं.