पटावर दोघं

"दो से कम हुए तो क्लास बंद, मॅडम," कॉलेजचा प्रेमलाल बाबू व्हरांड्यातूनच म्हणाला. वर्गात यायचा त्याला भारी कंटाळा. दाराबाहेर उभं राहून तो हजेरीचे आवाज मोजायचा, कागदावर आकडा टाकायचा आणि चहाला निघायचा.

वर्गात चाळीस बाकं होती आणि एकटी संध्या होती.

अंगावर शाळेचाच निळा ड्रेस होता. बारावीच्या पोरांनी दुपारी कॉलेजात येऊन एक विषय शिकायचा, त्याचे गुण बारावीतही धरायचे आणि पुढं कॉलेजातही, अशी यंदा नवी सोय झाली होती. बाकीची पोरं कॉम्प्युटरकडं पळाली. संध्यानं मराठी घेतलं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात राहून मराठी घेते म्हणून शाळेतल्या सरांनी तिचा फॉर्म दोनदा वाचला होता.

आशालता मॅडमनी आपल्या हातानं लिहिलेली यादी डोळ्यांशी नेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कागद नाकाला टेकल्याशिवाय त्यांना अक्षर दिसत नसे.

"एक. संध्या."

"हजर."

"दोन. लोकेश."

प्रेमलाल बाहेर कान देऊन उभाच होता.

संध्याची आई नागपूरला एका दवाखान्यात कामाला होती, आणि ही इथं मामाकडं. मामाच्या घरात सगळे हिंदी बोलत. शाळेत एकदा तिच्या तोंडून 'मले' निघालं, तर पोरी वर्षभर तिला त्याच नावानं हाक मारत होत्या. तेव्हापासून तिनं बोलणंच सोडलं होतं. आणि आज या खोलीत पाय ठेवल्याबरोबर मॅडम म्हणाल्या होत्या, "बस ना माय, उभी काहून राह्यली?" एवढ्याशा बोलण्यानं पोरीचा जीव भरून आला होता. ही खोली बंद झाली तर मग बोलायचं कोणाशी?

तिनं मान खाली घातली आणि आवाज जाडा केला. "हजर."

मॅडमनी वर पाहिलं नाही. पेन मात्र त्या नावावर बराच वेळ थांबलं. मग खूण झाली. प्रेमलाल चहाला गेला.

खोटं एकदा जन्माला घातलं की त्याला पोसावंही लागतं. संध्या रोज दोनदा हजेरी देऊ लागली. मॅडमनी निबंध दिला की ती दोन वह्या लिहायची. आपली उजव्या हातानं, लोकेशची डाव्या. त्याच्या वहीत ती आठवणीनं चुका करायची. "लोकेश वही ठेवून गेला, मॅडम," असं म्हणून टेबलावर ठेवायची. मॅडम "हौ" म्हणायच्या.

वही परत आली की शेरा असायचा. "लोकेश, अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण बोलतोस मनातलं." त्याला दहापैकी आठ मिळाले आणि तिला सात, तेव्हा संध्याला चक्क राग आला. शेजारचं एक बाक तिनं मनानंच त्याला देऊन टाकलं होतं; दोन दिवस ती त्या बाकाकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन बसली. दुसरं होतं कोण? शाळेत तिला 'कॉलेजवाली' म्हणत, कॉलेजात 'स्कूलवाली'. दोन्हीकडं डबा ती एकटीच खायची.

मॅडमही कधी कधी तास संपल्यावर उठत नसत. पोरगा पुण्याला, नातवाला फोनवर मराठी कळत नाही, असं काहीबाही सांगत बसत. "घरी गेली का टीव्हीच बोलते," म्हणायच्या. "म्हणून इथंच बरं वाटते मले."

जानेवारीत प्रेमलाल पहिल्यांदा वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत आला.

"कल दो बजे दोनों बच्चों का फोटो होगा, मॅडम. कार्ड बनना है. जो नहीं आया, उसका नाम कट."

त्या दिवशी संध्यानं मामाच्या पोराला, प्रीतमला गाठलं. "मराठी क्लास में आकर एक फोटो खिंचवा दे ना, दूसरे के नाम से."

"मराठी क्लास में? मैं?" प्रीतम हसत सुटला. "दोस्त ढूँढ ले कोई."

तिनं शहरातला एकेक ओळखीचा मुलगा आठवून पाहिला. असं विचारावं असा एकही निघाला नाही. तेव्हा मात्र ती न्हाणीघरात नळ सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी ती पावणेदोनलाच वर्गात पोचली. मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या.

"मॅडम, लोकेश कधी आलाच नाही."

मॅडम चष्मा पुसत राहिल्या.

"मीच हजर म्हणत होती. वह्याबी मीच लिहिल्या, डाव्या हातानं. वर्ग बंद होईल म्हणून." तिनं लोकेशची वही पुढं ठेवली. "तुम्हाले दिसत नाही याचा फायदा घेतला. माझं नाव काटा पाहिजे तर."

"झालं सांगून?"

"हौ."

"संध्या, चाळीस बाकांवर एकटं पोर बसलं हाय, एवढं दिसते मले अजून."

संध्याला मान वर करवेना. मॅडमनी ड्रॉवर ओढून दोरीची फाईल काढली आणि तिच्यापुढं सरकवली. "भरलेले फॉर्म हायेत यात. लोकेशचा काढ."

संध्यानं दोरी सोडली. आत एकच फॉर्म होता, तिचा स्वतःचा. तिनं तो उलटून पाहिला, फाईल झटकून पाहिली. आणखी काही नव्हतं. मग ती टेबलावरच्या यादीकडं बघत राहिली, मॅडमच्या हातच्या त्या दोन ओळींकडं.

व्हरांड्यात प्रेमलालच्या चपला वाजल्या. मॅडम पुढं वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "नाव मीनं ठेवलं, आवाज तुनं देला. आता फोटोले तोंड कोणाचं आणाचं, सांग."