टँकरची मालकीण

बेलिफ ज्ञानोबा टँकरवर जप्तीचा कागद डकवायला निघाले, तेव्हा मोहनराव झोपाळ्यावरून उठलेसुद्धा नाहीत.

"हात लावू नका," पानाला चुना लावता लावता ते म्हणाले. "टँकर बायकोच्या नावावर हाय."

ज्ञानोबांनी कागद खाली घेतला. ते तालुक्याच्या कोर्टातून आले होते. उमापूरची पतसंस्था बुडाली होती आणि ठेवीदारांचे पैसे चेअरमन मोहनरावांनी स्वतः भरावेत, असा हुकूम झाला होता. ते भरले नाहीत, म्हणून ही जप्ती.

"खताचं दुकान?"

"बायकोचं."

"हा बंगला?"

"तिचाच. उतारे बघून घ्या." मोहनराव हसले. "दुसऱ्याची चीज उचलायची तुमाला मुभा न्हाई. कायदा आमाला बी कळतो, साहेब."

फाटकाशी पाचसहा बायका उभ्या होत्या. सगळ्या ऊसतोडीला जाणाऱ्या. पुढे भिवराबाई होती. तिने ज्ञानोबांकडे पाहिलं. ज्ञानोबांनी मान हलवली.

"फसवून नावं फिरवलीत, हे कोर्टात वेगळं शाबीत करावं लागेल, मावशी. त्याला वर्षं जातात."

"वर्षं?" भिवराबाई म्हणाली. "गुडघे गेले माझे, साहेब. यंदा कोयता हातात धरायचा न्हाई, दोन शेळ्या घेऊन घरीच ऱ्हायचं, असं ठरवलं व्हतं."

बोलत होती ती ज्ञानोबांशी, पण बघत होती दारात उभ्या असलेल्या रुक्मिणीबाईंकडे.

रुक्मिणीबाईंनी नजर खाली घातली. गेले कित्येक महिने त्या हेच करत होत्या. पतसंस्था निघाली तेव्हा वस्तीवर घरोघर त्याच फिरल्या होत्या. भिवराबाईच्या खोपीत बसून, तिच्या हातचा चहा पिऊन त्यांनी सांगितलं होतं, "घरात पैसा ठेवशील तर नवरा पिऊन टाकंल. आमच्याकडं ठेव. मी हाय की." त्या 'मी हाय की'वर भिवराबाईने कारखान्यावरून आणलेली सगळी कमाई संस्थेत टाकली होती. तिचं बघून बाकीच्यांनीही टाकली. मग पाऊस गेला, विहिरी आटल्या, बायका पैसे काढायला गेल्या, तर शटरला कुलूप. आणि उन्हाळाभर मोहनरावांचा टँकर ह्याच बायकांना पाणी विकत होता. बंगल्यात आलेला तो पैसा रुक्मिणीबाईंच्याच हातून कपाटात जात होता.

मालकी म्हणाल तर त्यांना एवढंच ठाऊक होतं की मोहनराव अधूनमधून कागद घेऊन स्वयंपाकघरात यायचे. बोट ठेवून दाखवायचे, "हितं सही कर." त्या पिठाचे हात पदराला पुसून सही करायच्या आणि पुन्हा भाकरी थापायला लागायच्या.

ज्ञानोबा पिशवी आवरू लागले. बायका वळल्या. भिवराबाईने फाटकाचा आधार घेतला आणि पाय फरफटत पहिलं पाऊल टाकलं.

"साहेब, थांबा."

रुक्मिणीबाई ओटा उतरून अंगणात आल्या होत्या. आवाज आपलाच आहे, हे त्यांना क्षणभर खरं वाटलं नाही.

"माझ्या नावावर म्हंजे काय? निस्तं कागदावर, का खरंच माझं?"

"खरंच तुमचं, बाई," ज्ञानोबा म्हणाले. "ठेवा, विका, कुणाला द्या. तुमची मर्जी."

"ऐकलं का?" मोहनराव खूश झाले. "कोर्टाचा माणूसच सांगायलाय."

"मग लिहा," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "टँकर आन् दुकान मी देते. इकून ह्या बायांचे पैसे फेडा."

झोपाळा करकरून थांबला. "येडी झालीस का? कुणाला इचारून?"

"मालकिणीला."

फाटकाशी कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंडावर पदर धरला. मोहनराव उठले. विडा हातातून पडला, तो त्यांनी पाहिलाही नाही. "साहेब, हिला काय कळतंय! लिहू नका."

ज्ञानोबा त्यांच्याकडे वळले नाहीत. "बाई, तुमच्यावर कसलीच जबरदस्ती नाही. नवऱ्याच्या देण्यापायी कायदा तुमची काडीही उचलू शकत नाही. समजून उमजून बोला."

"पैल्यांदाच समजून बोलाय लागले," त्या म्हणाल्या. "मी ह्या बायांच्या दारात जाऊन पैसे मागितले व्हते, साहेब. देणं ह्यांचं असंल कोर्टात. माझं बी हाय."

ज्ञानोबांनी तिथेच ओट्यावर बसून जबाब लिहिला. रुक्मिणीबाईंनी कागद हातात घेतला, अक्षर अक्षर जुळवत शेवटपर्यंत वाचला, एके ठिकाणी अडल्या तिथे अर्थ विचारला आणि मगच सही केली. त्यांनी टँकरची किल्ली खिळ्यावरून काढून दिली. दुकानाची कुठे ठेवलीय ते विचारायला नवऱ्याकडे पाहिलं, तर ते कमरेची किल्ली घट्ट धरून उभे होते. रुक्मिणीबाईंनी हात पुढे केला. तो तसाच पुढे धरून ठेवला. शेवटी किल्ली आली.

भिवराबाई जवळ आली. "वैनी, तुमाला कायतरी ठिवायचं व्हतं की," एवढंच म्हणाली.

"ठिवलंय. घर ठिवलंय."

मोहनराव झोपाळ्यावर मटकन बसले. "आन् माझं?" ते ज्ञानोबांना म्हणाले. "माझं काय ऱ्हायलं?"

"अंगावरचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण," ज्ञानोबा पिशवी खांद्याला लावत म्हणाले. "ते कुणाच्याही बापाला जप्त करता येत नाही. कायदाच तसा आहे."

"बराबर हाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "अंथरूण त्यांचंच. पण ते कुठं टाकायचं, ते आता मी सांगीन."