उशीखालची सुपारी

बायकोने आपण होऊन उशीखाली सुपारी ठेवली असती, तर अष्टमान ताम्राकारचा तिहेरी फायदा होता. पाटणचं तीन मजली घर त्याच्या एकट्याचं राहिलं असतं. गुठीत, म्हणजे भाऊबंदांच्या मंडळात, कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं नसतं. उलट चार म्हातारे हळहळले असते. आणि जिच्यावर त्याचं मन बसलं होतं ती बनेप्याची नारायणदेवी उजळ माथ्याने त्याचा जिना चढली असती.

नेपाळी नेवार समाजात ही सोय पूर्वापार आहे. बाईला संसार नकोसा झाला, की तिने नवऱ्याच्या उशीखाली सुपारी सारायची आणि चालू लागायचं. ना भांडण, ना कोर्ट. नवऱ्याने बाईला हाकललं, तर गुठी त्याला उभं करत नाही; बाई स्वतः गेली, तर त्याला कोण काय विचारणार? अष्टमानने फक्त ती विटेल एवढं बघायचं होतं.

मारझोड त्याच्या स्वभावात नव्हती, शिवाय शेजार दाट होता. म्हणून त्याने प्रवास निवडला.

पहिल्या वर्षी त्याने ज्ञानीशोभाला रबरी नावेत घालून त्रिशूलीच्या लाटांवर सोडलं. ती नखशिखांत भिजली आणि काठावर येऊन म्हणाली, "आणखी एकदा जाऊ या?" दुसऱ्या वर्षी पोखऱ्यात तिला पॅराशूटला बांधून डोंगरावरून उडवलं. खाली उतरल्यावर तिने उडवणाऱ्या माणसाला घरचं मुळ्याचं लोणचं दिलं. तिसऱ्या वर्षी भोटेकोशीच्या पुलावरून पायाला दोर बांधून उडी मारायला लावली. त्यानंतर गुठीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवू लागल्या, की नवरा असावा तर अष्टमानसारखा.

चौथ्या वर्षी त्याने उंच डोंगरातलं महादेवाचं गोसाईकुंड काढलं. पायी. ज्ञानीशोभाचे गुडघे दुखत असत, हे त्याला ठाऊक होतं.

"बुढा, या पायऱ्या कधी संपतात?" पायथ्याचं धुन्चे सोडून तास झाला नव्हता, तोच तिने विचारलं.

"तुलाच महादेवाला जायचं होतं."

"मला पशुपतीला जायचं होतं. टेम्पोने."

"मग ठेव की सुपारी."

"ठेवीन हं एक दिवस. मग भात कोण रांधतं ते बघू."

ही त्यांची जुनी थट्टा होती. फरक एवढाच, की दोघांपैकी एकजण ती थट्टा म्हणून करत नव्हता.

चंदनबारीला लोक एक दिवस थांबतात, अंगाला उंचीची सवय होऊ देतात. अष्टमान थांबला नाही. थांबलं तर गुडघ्यांना आराम पडतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने तिला चालायला लावलं आणि दुपारपर्यंत थेट कुंडावर नेलं.

त्याचं स्वतःचं डोकं चंदनबारीपासूनच ठणकत होतं, जणू आत बसून कुणी तांबं ठोकतंय. तांबटाच्या घरात जन्मलेल्या माणसाला त्या आवाजाचं काय? वाटेत एका खडकामागे जाऊन तो ओकला आणि त्यावर पायाने माती लोटली. बायकोच्या आधी आपण थकल्याचं दिसलं, तर चार वर्षांची मेहनत पाण्यात.

कुंडावर सुनमाया तामाङ एकटीच लॉज चालवायची. तिने अष्टमानच्या जाकिटाकडे पाहिलं. गुंड्या एक घर चुकून लागल्या होत्या.

"दाजू, लेक लागलेली दिसते तुम्हाला. लेक म्हणजे ही उंची, ती जिवावर बेतते. लसणाचं सार देते, ते घ्या आणि आजच खाली उतरा."

"मला काय होतंय? बायकोला विचार, तिचे गुडघे धरलेत."

ज्ञानीशोभा तेव्हा कुंडावर पूजा करत होती. महादेवाला फुलं वाहिली, तांदूळ वाहिले, सुपाऱ्या वाहिल्या. शेवटची एक सुपारी हातात घेऊन ती थोडा वेळ बसली आणि ती तिने परत पिशवीत टाकली. अष्टमानने दारातून हे नेमकं टिपलं.

ती आत आली आणि बाकावर बसत म्हणाली, "माझ्याने होत नाही आता. गुडघे गेले. आजच खाली जाऊ."

"अहो भाउजू," सुनमाया म्हणाली, "आत्ता तर माझ्याबरोबर पाण्याची घागर घेऊन चढलात."

ज्ञानीशोभाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. सुनमाया लसूण ठेचायला वळली.

अष्टमानला मात्र पुराची नदी जे करू शकली नव्हती ते या डोंगराने केल्याचा आनंद झाला. बाई मोडत आली होती. आता एकच रेटा.

"खाली नाही," तो खोकत म्हणाला. "उद्या खिंड ओलांडायची."

"मी हात जोडते."

"जोड. खिंडीत उद्या बर्फ असेल, छान दिसेल."

"तुमचं आजवर कधी मोडलंय मी? एवढं एक ऐका."

"नसेल झेपत तर काय करायचं ते तुला माहीत आहे."

तिने पिशवी बाजूला ठेवली. मग तिने त्याचे बूट काढले, तीन रजया घातल्या आणि ती उशाशी बसली. अष्टमानला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण तो स्वतः निवांत होता. अशी मोडलेली बाई सकाळपर्यंत काय ठरवते, हे त्याला सांगायला नको होतं.

आणि सकाळी तसंच झालं. कुंडावर ऊन आलं तेव्हा ज्ञानीशोभाने आपली थैली बांधून दाराशी ठेवली. मग पिशवीतून सुपारी काढली, पदराने पुसली आणि ती खाटेजवळ आली. अष्टमान हलला नाही. चार वर्षं जिची वाट पाहिली ती सुपारी येत असताना कोण हलेल? नावेत घालून, आभाळात उडवून, दोराला टांगून जे मिळालं नव्हतं, ते आज विनासायास मिळत होतं.

सुनमाया चहाचा पेला घेऊन दारात थबकली. "भाउजू," ती हळूच म्हणाली, "तुम्हा नेवारांत ती उशीखाली ठेवतात ना?"

"नवरा उठणार असेल, तर," ज्ञानीशोभा म्हणाली, आणि सुपारी तिने त्याच्या गार छातीवर ठेवली.