दर्याचा मान

"पोरी, दोरीने पाण्याचे कॅन सोडतो, घे," मालवाहू जहाजाचा रत्नागिरीकडचा कप्तान वायरलेसवर म्हणाला.

तिच्या शिडाच्या होडीतली पाण्याची टाकी फुटली होती. प्यायला अर्धी बाटली उरली होती आणि किनारा दोन दिवस लांब होता. पण वाटेत कुणाकडून घोटभर पाणी घेतलं, तरी तिने महासागर एकटीने ओलांडल्याचं धरलं जाणार नव्हतं.

"नको काका. तुम्ही जा."

"अगो, हट्टापायी मरशील!"

"कोळणीने मासळी विकावी, नाव हाकू नये, असं म्हणणारे बंदरावर टपून बसलेत. त्यांच्यासाठी तरी जिवंत पोचेन."

जहाज दिसेनासं झालं. तिने आईने दिलेला नारळ काढला. आज नारळी पौर्णिमा. "हा दर्याचा मान. काही झालं तरी तोंडाला लावू नकोस," असं आईने निघताना बजावलं होतं.

तिने सुरीने नारळाचा डोळा फोडला. तोंड लावून ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग उठून तिने तो रिकामा नारळ लाटेवर भिरकावला.

"यंदा उष्टाच घे, दर्या! पुढच्या खेपेला अख्खा आणते."