घारीने पाडलेलं विमान

"मी आता जे सांगणार आहे, त्यावर कुणाचा बापही विश्वास ठेवायचा नाही," मिस्त्री म्हणाला आणि टोपी काढून हँगरच्या पायरीवर ऐसपैस बसला. "पण मॅडम, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ते विमान एका घारीने पाडलं."

तपासणीला आलेल्या बाई हसल्या नाहीत. विमानं त्यांच्या सरकारने विकलेली होती. दर वर्षी त्या येत, प्रत्येक विमानाच्या पोटाखाली वाकून टॉर्चच्या उजेडात नंबर वाचत. विमानं सीमेवरच उडतात, देशातल्याच माणसांवर नाही, एवढी खात्री झाली की परत जात. यंदा त्यांनी मान डोलावली, तर जुन्या विमानांना नवं रडार मिळणार होतं, नवे बॉम्ब मिळणार होते. आणि यंदाच एक विमान कमी भरलं होतं.

हवाई तळाचे साहेब मागे हात बांधून उभे होते. सकाळी त्यांनीच मिस्त्रीला बाजूला घेतलं होतं. "सरावात पडलं म्हणून सांग. तुझ्या थापांवर अख्खा तळ पोसलाय, आज माझ्यासाठी एक मार. बाईंना पटलं नाही, तर वैमानिक स्वतःच्या मर्जीने सीमा सोडून आपल्याच डोंगरात गेला, असं मला म्हणावं लागेल."

वैमानिक म्हणजे मिस्त्रीचा जावई. पाय मोडून तळाच्या दवाखान्यात पडला होता.

म्हणून मिस्त्रीने घारीला हवेत सोडलं.

"साधीसुधी घार नव्हे, मॅडम. पंख पसरले की हँगरचं दार झाकलं जाईल. आमच्या आवाजाने तिची अंडी तडकायची. बिचारी तक्रार घेऊन आलीसुद्धा, धावपट्टीवर ताटकळत बसली. साहेबांनी भेटच दिली नाही."

साहेब खोकले.

"मग काय, पेटली! जावईबापू सरावाला वर गेले, ही मागे. ते डावीकडे वळले, ही डावीकडे. ते उलटे झाले, ही उलटी. शेवटी दमली आणि बूड टेकवलं कुठे, तर थेट इंजिनात!"

"पिसं कुठायत?" बाईंनी विचारलं.

"इंजिन आहे ते, मॅडम. त्यात पिसं टिकली असती, तर मी उशी नसती का भरली?"

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. मिस्त्रीला तेवढं पुरे होतं. माणूस एकदा हसला की तो खोदून विचारत नाही, हे त्याला आयुष्यभराच्या अनुभवाने ठाऊक होतं. बोलत बोलतच तो बाईंना पुढच्या खोलीत घेऊन गेला. साहेब मागून आले.

तिथे लांबच लांब टेबलांवर पॅराशूटच्या घड्या घातल्या जात. मिस्त्रीची मुलगी शेवटच्या टेबलाशी उभी होती. तिच्यासमोर नवऱ्याचं पॅराशूट पसरलेलं होतं. ज्याने घडी घातली, त्याच्याकडेच वापरलेलं पॅराशूट परत यायचं, अशी तिथली रीत. बापाला पाहून तिने मान फिरवली. सकाळीच दोघांची जुंपली होती.

"थाप पचली, तर काय होईल, बाबा?"

"जावई सुटतील, पोरी."

"आणि पाय बरा झाला की त्याच डोंगरात जातील. नवे बॉम्ब घेऊन."

"नोकरी तर राहील! नाव तर राहील!"

ती पाठ फिरवून कामाला निघून गेली होती.

आता मिस्त्री तिच्याकडे न बघता पुढे रेटत होता. "तर जावईबापू छत्री उघडून खाली आले. आले ते कुणाच्या तरी परसात! एक म्हातारी कपडे वाळत घालत होती. हे तिच्या दोरीवर. छत्री, चादरी, परकर, सगळा एकच गुंता. म्हातारी काठी घेऊन धावली, 'मेल्या, एवढं आभाळ मोकळं पडलंय आणि तुला माझीच दोरी सापडली?'"

बाई खळखळून हसल्या. साहेबही हसले, जरा जास्तच.

"काठीने बडवलं, मग चहा पाजला. म्हणाली, आता आलाच आहेस तर चादरी पिळून दे."

"मग या पॅराशूटला साबणाचा वास येत असेल," बाई हसत म्हणाल्या.

"येणारच!" थाप रंगली की मिस्त्रीला तिच्यात भर घातल्याशिवाय राहवत नसे. "अजून धुतलेलं नाहीये. बघा ना वास घेऊन!"

बोलून झाल्यावर त्याला घाम फुटला.

बाई वाकल्या. हसू चेहऱ्यावर तसंच होतं. त्यांनी कापडाची कड उचलून नाकाशी नेली. मग दुसरी कड उचलली. हसू गेलं.

"पोरी," मिस्त्री घाईघाईने म्हणाला, "तो स्टोव्हच्या धुराचा वास असेल. म्हातारीच्या स्टोव्हचा. नाही का गं?"

मुलीने कापडावरून हात फिरवला. बोटं काळी झाली. ती तिने पुसली नाहीत.

"चला, बाईंना उशीर होतोय," साहेब म्हणाले.

"बाबा, खोटं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पलीकडच्या टेबलांवरचे हात थांबले. "घार नव्हती. सराव नव्हता. ह्यांना साहेबांनीच डोंगरात पाठवलं होतं. तिथे कपडे वाळत नव्हते, बाबा, घरं जळत होती. आणि ज्यांची जळत होती, त्यांनीच ह्यांना झाडावरून खाली उतरवलं."